पेडणे, डिचोली आणि मार्केटिंगचा पहिला पेपर

मार्केटिंग हा विषय नापास व्हायला फार सोयीचा आहे. हिशेबात ताळेबंद जुळला नाही, तर आपल्याला येत नाही हे तिथल्या तिथे कळतं. मार्केटिंगचं तसं नाही. गरज, ग्राहक, किंमत, जाहिरात यातला एकही शब्द अनोळखी नसतो. पानामागून पान वाचताना मान डोलत राहते. परीक्षेत ‘बाजार विभागणीचे निकष उदाहरणांसह स्पष्ट करा’ असं आलं, की चार ओळींनंतर पेन थांबतं. वर्गात बसणाऱ्याला निदान सर मध्येच उभं करून विचारतात आणि त्याची फजिती वेळेवर होते. घरी पुस्तक घेऊन बसणाऱ्याची फजिती थेट परीक्षेच्या हॉलमध्ये होते. दूरशिक्षणातून हा विषय घेणाऱ्यांची खरी अडचण ही आहे, आणि ती टाळण्याचे मार्ग आहेत.

समोर आहेत ते गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले वाचक. तिथे महाविद्यालयं नाहीत असं नाही. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय आहे, डिचोलीत नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय आहे, साखळीला सरकारी महाविद्यालय आहे. पण मोपाच्या विमानतळावर पाळीत काम करणारी मुलगी, तुयें किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतला पॅकिंग सुपरवायझर, घरचा पसरा, म्हणजे दुकान, सांभाळणारा मुलगा, लग्नानंतर शिक्षण सुटलेली सून, यांना रोज सकाळी वर्गात जाऊन बसणं जमणारं नाही. त्यांच्यासाठी टपालाने किंवा मोबाइलवर येणारी पुस्तकं हाच वर्ग.

फॉर्म भरण्याआधी

गोव्यात राहणाऱ्याला सगळ्यात सरळ वाट इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची. १९८५ साली संसदेच्या कायद्याने ते उभं राहिलं. देशभर शिकवण्याचा अधिकार त्याला आहे आणि गोव्यासाठी त्याचं पणजी प्रादेशिक केंद्र आहे. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी, प्रवेश होतात. त्याच्या बी.कॉम. (जनरल) अभ्यासक्रमात ‘प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग’ हा सहा श्रेयांकांचा पेपर आहे, कोड बीसीओई-१४१.

पेडण्यातला विद्यार्थी इथे हमखास विचारतो, की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं, मग तिथे का जाऊ नये? ते विद्यापीठ १९८९ चं, आणि सीमेपलीकडच्या बांद्यातल्या किंवा दोडामार्गातल्या मुलाने तिथे खुशाल जावं. पण राज्य विद्यापीठांच्या दूरस्थ अभ्यासक्रमांना विद्यापीठ अनुदान आयोगाने राज्याची हद्द घालून दिली आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडून इकडे गोव्यात आलं की ती हद्द संपते. मामाच्या घरचा पत्ता देऊन पलीकडे नाव घालण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. पदवी हातात आल्यावर सरकारी नोकरीच्या कागद-तपासणीत असल्या भानगडी वर येतात. पूर्ण ऑनलाइन पद्धतीच्या मान्यताप्राप्त पदव्यांना मात्र ही प्रादेशिक मर्यादा नाही.

मान्यता पाहताना नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून भागत नाही. आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर संस्था, तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि ते विशिष्ट सत्र, या तिन्ही गोष्टी यादीत आहेत का ते बघायचं. प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याने स्वतःचा एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आणि या ब्युरोचा डीईबी आयडी काढावा लागतो. हे काम सायबर कॅफेवाल्यावर सोपवलंत, तरी लॉगिनला मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. पुढे प्रत्येक वेळी ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि कॅफेवाला तोवर दुकान बदलून गेलेला असतो.

आणखी एक सोय अनेकांना माहीत नसते. एप्रिल २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, त्यातला एक दूरस्थ असू शकतो. साखळीच्या महाविद्यालयात बी.ए. करणारी मुलगी त्याच वर्षांत इग्नूतून वाणिज्यही शिकू शकते. आणि पदवी नकोच, फक्त मार्केटिंगची तोंडओळख हवी असेल, तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम पाहावेत. शिकणं फुकट आहे. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. तिथे आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के गुण असतात.

१८० तास कुठून आणायचे

इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. त्यात वाचन, लिखाण, स्टडी सेंटरवरचे तास असं सगळं धरलेलं आहे. सहा श्रेयांक म्हणजे १८० तास. आठवड्यातले पाच दिवस रोज एक तास आणि सुटीच्या दिवशी तीन तास, असे आठ तास धरले तर हे काम साडेबावीस आठवड्यांचं होतं, म्हणजे पाच महिन्यांहून थोडं जास्त. परीक्षेआधी पंधरा दिवस रजा काढून हे होणार नाही, ते या आकड्यावरूनच दिसतं. आणि त्या सत्रात हा एकच पेपर नसतो.

पुस्तकं छापील हवीत की डिजिटल, ते प्रवेशाच्या वेळी विचारतात. डिजिटल घेतलं तर फीमध्ये सवलत मिळते. माझं मत छापीलच्या बाजूने आहे. मोबाइलवर वाचलेलं मार्केटिंग रीलसारखं सरकून जातं. शिवाय हीच सगळी पुस्तकं ‘ईज्ञानकोश’ या इग्नूच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात, त्यामुळे बसमध्ये वाचायची सोय तशीही राहते.

पुस्तकाची रचना नीट पाहून घ्यावी. ते खंडांमध्ये आणि खंड घटकांमध्ये विभागलेलं असतं. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये ‘तुमची प्रगती तपासा’ अशा चौकटी, शेवटी सारांश आणि सरावाचे प्रश्न. विद्यार्थी सारांश वाचतात आणि चौकटी ओलांडून जातात. करायला हवं उलटं. गैरहजर सरांचं काम त्या चौकटी करतात. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचं, चौकटीतल्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहायचं, मगच मागची उत्तरं उघडायची. पहिल्या दोन घटकांत हे फार कंटाळवाणं वाटतं. तिसऱ्यापासून वाचण्याचाच वेग आपोआप कमी होतो, आणि इथे तो कमी व्हायलाच हवा.

भाषेचा प्रश्न आहे. हे साहित्य प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदीत मिळतं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना लिपीमुळे हिंदी जवळची वाटते. तरीही जमत असेल तर इंग्रजी घ्यावं, कारण हॉटेल, बँक, विमानतळ कुठेही पुढे तेच शब्द कानावर येणार. वहीतली टिपणं मात्र ज्या भाषेत घरी भांडतो त्या भाषेत काढावीत. उदाहरणं तिथेच सुचतात.

पुस्तकातला बाजार, बुधवारचा बाजार

आता विषयाच्या आत शिरू. पहिला घटक बहुतेक पुस्तकांत एकच भेद शिकवतो: विक्री म्हणजे आपल्याकडे आहे ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणं, आणि मार्केटिंग म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवं ते आधी ओळखून त्याप्रमाणे माल, किंमत, जागा ठरवणं. थिओडोर लेव्हिट यांनी १९६० साली ‘मार्केटिंग मायोपिया’ या गाजलेल्या लेखात अमेरिकी रेल्वे कंपन्यांचं उदाहरण दिलं. त्या स्वतःला वाहतुकीच्या नव्हे, रेल्वेच्या धंद्यात समजत राहिल्या आणि मागे पडल्या, असा त्यांचा मुद्दा. परीक्षेत हे उदाहरण सगळेच लिहितात. डिचोलीच्या कुंभाराचं कुणी लिहीत नाही. डिचोली मातीकामासाठी नावाजलेली. पाणी गार ठेवण्याच्या धंद्यात राहिलेल्या कुंभाराला फ्रिजने गाठलं. घर सजवण्याच्या, पणत्यांच्या, कुंड्यांच्या, पर्यटकाच्या आठवणीच्या धंद्यात गेलेल्याचं चाक अजून फिरू शकतं. माती तीच, चाक तेच, प्रश्न बदललेला. लेव्हिट यांना एवढंच म्हणायचं होतं.

त्याच १९६० साली जेरोम मॅकार्थी यांनी उत्पादन, किंमत, स्थान आणि प्रसार ही चौकडी आपल्या पाठ्यपुस्तकात मांडली. इंग्रजीत चारही शब्द ‘पी’पासून सुरू होतात, म्हणून ‘फोर पी’. जगभरची पहिली पुस्तकं अजून याच चार खांबांवर उभी आहेत. ती पाठ करायला पाच मिनिटं लागतात आणि समजायला एक अख्खा पावसाळा.

पावसाळा म्हणायचं कारण चवथ. गणेश चतुर्थीच्या आधी डिचोलीत माटोळीचा बाजार भरतो. मार्केटिंगच्या विद्यार्थ्याने वर्षातला एकच दिवस अभ्यासाला काढायचा असेल तर तो हा. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी आसपासच्या गावांतून आणि सत्तरीच्या रानांतून माणसं कांगलां, माट्टी, घागऱ्यो, तोरिंगण, आंबाडे, चिबूड, नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे घेऊन येतात. यातल्या कित्येक फळांना एरवी कुणी विचारत नाही. ती रानात फुकट उगवतात, पण फुकट पोचत नाहीत. कुणीतरी भिजत, जळवा झाडत ती शोधलेली असतात. मग किंमत कशावर ठरते? खर्चावर धरावी तर उत्पादन खर्च जवळजवळ शून्य. ती ठरते गिऱ्हाइकाच्या मनातल्या मोलावर, आणि चवथीच्या तोंडावर बाजार उठेपर्यंत झपाट्याने खाली येते, कारण दुसऱ्या दिवशी त्या मालाला मोलच नसतं. मोलाधारित किंमत, नाशवंत माल, हंगामी मागणी, प्रतिस्पर्ध्याशेजारी बसून धंदा असे पुस्तकातले चार-पाच वेगळे घटक इथे एका फुटपाथवर मांडलेले असतात. वही घेऊन जावं. एकाच वस्तूचा भाव सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर विचारून लिहून ठेवावा. काहीतरी विकत घेऊन विचारावा, म्हणजे कुणी खेकसणार नाही.

एरवी डिचोलीचा बुधवार, पेडण्याचा गुरुवार आणि म्हापशाचा शुक्रवार आहेतच. तीन दिवस लागोपाठ तीन बाजारांत बसणारे विक्रेते पाहिले की वितरणाचा घटक निम्मा संपतो. गिऱ्हाईक दुकानाकडे जातं तसं दुकानही गिऱ्हाइकाकडे जातं. पहाटे सायकलवर पाव घेऊन भोंपू वाजवत येणारा पोदेर तर वितरण आणि प्रसार दोन्ही एकाच फेरीत उरकतो.

हरमलच्या मिरचीचा हिशेब

उत्पादन आणि किंमत हे दोन घटक मिळून समजून घ्यायला पेडण्याला घरचं उदाहरण आहे. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २००९ मध्ये काजूच्या फेणीला आणि पुढे २०२३ मध्ये मानकुराद आंब्याला मिळालं तसंच. पुस्तक सांगतं, की उत्पादन म्हणजे नुसती वस्तू नव्हे. नाव, वेष्टन, खात्री, विक्रीनंतरची जबाबदारी हे सगळं त्यात येतं. आता ही मिरची बघा. पावसाआधी पुरुमेंताची, म्हणजे साठवणीची, खरेदी करणारी बाई ढिगातली मिरची हातात घेऊन, वास घेऊन, बिया पाहून घेते. तिला वेष्टन नको, तिची खात्री विकणाऱ्या बाईच्या ओळखीवर आहे. मोपावरून परतणाऱ्या पर्यटकाला मात्र मिरचीची पारख नाही. त्याला पाकीट हवं, नाव हवं, मानांकनाचं चिन्ह हवं. एकाच शेतातली मिरची, पण पुस्तकाच्या भाषेत ही दोन वेगळी उत्पादनं आहेत. हे वाक्य ज्याला पटलं त्याला बाजार विभागणी कळली.

पाकीट करायचं ठरवलं की पुढचे घटक आपोआप दारात येतात. समजा, कोरगावातल्या एका बचत गटाने मिरचीची पूड भरायचं ठरवलं. सीलिंग मशीन, लेबलची रचना वगैरे एकदाच होणारा खर्च सहा हजार रुपये धरू. एका पाकिटामागे मिरची, दळण, पिशवी मिळून सत्तर रुपये. विक्री किंमत शंभर. पाकिटामागे तीस रुपये सुटतात, म्हणजे सहा हजार भरून निघायला दोनशे पाकिटं विकावी लागतील. याला ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात आणि परीक्षेत तो हमखास विचारला जातो.

पण इथपर्यंतचं गणित गटाने स्वतः विकलं तर. किनाऱ्यावरच्या दुकानदाराने ‘मी ठेवतो, पण पाकिटामागे पंधरा रुपये माझे’ म्हटलं, की गटाला सुटतात पंधरा, आणि बिंदू दोनशेवरून चारशेवर जातो. मग दुकानदार टाळून गुरुवारच्या बाजारात बसायचं? तिथे सोपो (बाजारकर) द्यावा लागतो, जाण्यायेण्याचं भाडं पडतं. दोन्ही मिळून दिवसाचे नव्वद रुपये धरले, तर पहिली तीन पाकिटं त्यातच गेली, आणि एका बाईचा दिवस गेला तो वेगळाच. तिचा दिवस हिशेबात न धरणं ही आपल्याकडच्या घरगुती धंद्यांची जुनी खोड आहे. पुस्तकातली आकृती ‘उत्पादक, घाऊक व्यापारी, किरकोळ व्यापारी, ग्राहक’ असे बाण काढून मोकळी होते. प्रत्येक बाण किती रुपयांना पडतो हे असं मांडून पाहिलं तरच मध्यस्थ का टिकून आहे ते समजतं. तो नुसता मधे बसून खात नसतो, तो कुणाचा तरी दिवस वाचवत असतो.

कायद्याचा भागही इथेच वाचून घ्यावा. खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो, लहान उत्पादकांसाठी साधी नोंदणी आहे. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे वैधमापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे छापावं लागतं. आणि ‘हरमल’ हे मानांकित नाव वापरायचं तर १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचं. विपणनाचं वातावरण या घटकात ‘कायदेशीर घटक’ असा एक रुक्ष परिच्छेद असतो, त्यात हे सगळं बसतं.

त्याच घटकासाठी डिचोलीचं उदाहरण अधिक कडू आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द होऊन पुन्हा बंद पडलं. खनिज थांबताच ट्रक थांबले. ट्रक थांबले तसे टायरवाले, गॅरेजवाले, सुटे भाग विकणारे, रस्त्याकडेचे चहावाले यांचं गिऱ्हाईक गेलं. टायरच्या दुकानदाराने कितीही सूट दिली असती, कितीही फलक लावले असते, तरी उपयोग नव्हता. टायरची मागणी टायरसाठी नसतेच, ती खनिजाच्या मागणीतून निघते. याला व्युत्पन्न मागणी म्हणतात. पुस्तकातली व्याख्या दीड ओळीची आहे. डिचोलीत ती ज्यांच्या घरात शिरली त्यांना ती वेगळी शिकवायची गरज नाही, फक्त तिचं नाव सांगायची गरज आहे.

प्रसाराच्या घटकाला फेणी घ्यावी. तिला मानांकन आहे, राज्याने तिला वारसा पेय म्हटलं आहे, पण मद्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर करता येत नाही. मग प्रसार होतो कसा? भट्टी दाखवणाऱ्या सहलींतून, बाटलीच्या रूपातून, हॉटेलच्या मेन्यूतून, तोंडोतोंडी. प्रसार म्हणजे जाहिरात, असं ठामपणे लिहून येणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावं.

सेवांच्या विपणनाबद्दल फार लिहीत नाही. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली, तेव्हापासून पेडण्यात प्रत्येक घरात या विषयाचा एकेक तज्ज्ञ आहे. चार ‘पीं’मध्ये माणसं, प्रक्रिया आणि दृश्य पुरावा ही आणखी तीन मिळवून सात होतात. ती सातही एका टॅक्सीप्रवासात शोधून लिहा, घटक झाला.

असाइनमेंट आणि परीक्षा

इग्नूत स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असतं. दोन्हीकडे स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. स्वाध्यायात शंभरपैकी ७० आणि परीक्षेत ५० मिळाले, तर २१ अधिक ३५ असे ५६ होतात. तोच स्वाध्याय मन लावून लिहून ९० मिळवले, तर एकूण ६२. परीक्षेच्या तीन तासांत वाढवायला अवघड असलेले हे सहा गुण घरी बसून, पुस्तक समोर ठेवून मिळतात. तरीही बाजारात तयार असाइनमेंट विकत मिळतात आणि मुलं त्या हाताने उतरवून काढतात. तपासणाऱ्याकडे एकाच झेरॉक्सची अनेक अपत्यं जमतात, त्यामुळे त्याला ती ओळखू येतात. पण खरं नुकसान वेगळं आहे. परीक्षेआधी सलग लिहिण्याची सवय लावणारा तो एकच प्रसंग हातचा जातो.

उत्तर कसं असावं? ‘बाजार विभागणी म्हणजे बाजाराचे लहान भाग करणे. त्यामुळे कंपनीला फायदा होतो. उदाहरणार्थ, मोठ्या कंपन्या वेगवेगळे साबण काढतात.’ हे उत्तर चुकीचं नाही, पण त्यात काही नाही. त्याऐवजी आधी व्याख्या द्यावी: भिन्न गरजांच्या बाजारातून सारख्या गरजांच्या गिऱ्हाइकांचे गट पाडणं. मग भौगोलिक, लोकसंख्याविषयक, मानसिक आणि वर्तनविषयक असे चार निकष, प्रत्येकी दोन ओळींत. मग एकच उदाहरण चारही निकषांतून फिरवावं. मांद्रेतल्या एका गेस्ट हाउसचं घ्या: पाहुणे कुठून येतात, कुटुंब आहे की एकटा प्रवासी, शांतता शोधतो की गजबज, दोन रात्री राहतो की पूर्ण हंगाम. शेवटी, गट मोजता येईल एवढा ठळक, परवडेल एवढा मोठा आणि गाठता येईल असा असावा, ही पुस्तकातली अट लिहावी. चार वेगवेगळ्या कंपन्यांची चार अर्धवट उदाहरणं देण्यापेक्षा एक पुरतं उदाहरण बरं. तपासणाऱ्याला मांद्रे कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं.

स्टडी सेंटरवरच्या समुपदेशन वर्गांकडून वर्गातल्या शिकवणीची अपेक्षा ठेवू नये. ते तास अडलेलं विचारण्यासाठी असतात. काही न वाचता गेलं तर तिथे विचारायलाच काही सुचत नाही, आणि ‘क्लास काही उपयोगाचा नाही’ असं म्हणत माणूस परत येतो. अडलेले तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

आणि कारकुनी कामं. अभ्यास करूनही वर्ष घालवणारे बहुतेक इथे घसरतात. पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी वेगळी करावी लागते, ती आपोआप होत नाही. जून आणि डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, फी भरून. असाइनमेंट ज्या सत्राची त्याच सत्राची चालते, मागच्या वर्षीचे प्रश्न सोडवून दिले तर मेहनत फुकट. दिल्याची पोच किंवा अपलोडचा स्क्रीनशॉट निकाल लागेपर्यंत जपून ठेवायचा. या तारखा कुणी फोन करून सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवलेल्या बऱ्या, घरातलं कुणीतरी आठवण करतंच.

फी भरण्याआधी एक करा. ईज्ञानकोशावर या पेपरचा पहिला घटक उघडा, तो वाचून पुस्तक मिटा, आणि येत्या बुधवारी किंवा गुरुवारी बाजारात जाऊन कुठल्याही एका विक्रेत्याबद्दल वहीत एक पानभर लिहा. पान भरलं तर जानेवारी किंवा जुलै, जे सत्र जवळ असेल त्याला नाव घाला. नाही भरलं, तर वाणिज्य शाखेत हिशेबाचे पेपरही आहेत, आणि ते निदान चुकलं की लगेच कळतं.